सहा कुंड्यांचं राज्य

चेन्नईच्या पेरुंगुडीत सकाळी सव्वासहाला गॅलरीचं दार उघडलं की आधी रस्ता ऐकू येतो. जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर कंपन्यांच्या बसगाड्या धावायला लागलेल्या असतात. त्या घरघरीतूनही एक बारीक, टोकदार ‘चिट् चिट्’ कानावर येतं. आवाजाचा धनी कठड्यावरच्या रसेलियाच्या काडीवर बसलेला असतो. बोटाएवढा पक्षी. पोट पिवळं, पाठ तपकिरी-लाल, गळा जांभळा, डोक्यावर आणि खांद्यावर ऊन पडलं तरच पेटणारी हिरवी झाक. तो फूल चाखत नाही, पंख साफ करत नाही. मान इकडून तिकडे वळवत नुसता बघत बसतो. मग एकदम काडी सोडतो, शेजारच्या कर्दळीवर उतरू पाहणाऱ्या दुसऱ्या पक्ष्यावर बाणासारखा जातो, त्याला कठड्यापलीकडे हुसकावतो आणि परत त्याच काडीवर येऊन बसतो.

त्याच काडीवर येऊन बसतो, हे महत्त्वाचं आहे. या प्रकरणात जे सांगायचं आहे ते सगळं त्या काडीपासून सुरू होतं.

समोरच्या घरात एक आजी राहतात. इमारतीतले सगळे त्यांना ‘पाटी’ म्हणतात. तमिळमध्ये आजीला हाच शब्द. त्यांनी मला या पक्ष्याचं नाव सांगितलं, ‘तेन्चिट्टू’. तेन म्हणजे मध, चिट्टू म्हणजे लहानसा पक्षी. त्यांचा नातू मात्र ठामपणे म्हणाला, “हा हमिंगबर्ड आहे.” त्याची चूक नाही. पुण्यामुंबईतही जास्वंदीवर लोंबकळणारा चकचकीत पक्षी दिसला की पुष्कळ लोक हेच म्हणतात. पण भारतात हमिंगबर्डची एकही जात नाही. त्यांच्या साडेतीनशेहून अधिक जाती आहेत आणि त्या सगळ्या अमेरिका खंडांत राहतात, उत्तरेला अलास्कापासून दक्षिणेच्या टोकापर्यंत. संध्याकाळी फुलांसमोर हवेत स्थिर राहून भुरभुरणारा जो जीव आपल्याकडे दिसतो, तो बहुतेक वेळा पतंग असतो, हॉक मॉथ.

आपला तो शिंजीर, म्हणजेच सूर्यपक्षी. हमिंगबर्डची जवळची नातलग पाकोळी, तर शिंजिराचं गोत चिमणी-बुलबुलांच्या मोठ्या कुळाकडे जातं. दोघांचं रक्ताचं नातं फार लांबचं, पण धंदा एक: फुलातला मध. एकाच धंद्याने दोन परक्या घराण्यांना सारखंच घडवलं. लांब चोच, नळीसारखी जीभ, धातूसारखी चमकणारी पिसं आणि भांडखोर स्वभाव. एक गोष्ट मात्र मला विलक्षण वाटते. 2004 साली जेराल्ड मायर या संशोधकाने दक्षिण जर्मनीत सापडलेल्या तीन कोटी वर्षांपूर्वीच्या हमिंगबर्डच्या जीवाश्मांचं वर्णन प्रसिद्ध केलं. म्हणजे आज केवळ अमेरिकेत उरलेलं हे घराणं एके काळी आपल्या बाजूच्या जगातही नांदत होतं.

हमिंगबर्डच्या भांडखोर स्वभावाची नोंद अमेरिकेतल्या माणसांनी फार पूर्वी घेतली होती. मेक्सिकोच्या ॲझ्टेक लोकांच्या युद्धदेवतेच्या, ह्युइत्सिलोपोच्त्लीच्या, नावातच हमिंगबर्ड आहे. तीन-चार ग्रॅमचा पक्षी युद्धाच्या देवाला शोभावा, एवढं त्याचं भांडण त्यांच्या डोळ्यांत भरलं होतं.

आपल्याकडे मात्र पक्षी बघायचा म्हणजे लांब जायचं, अशी समजूत रुजली आहे. पेरुंगुडीच्या पाठीमागेच पळ्ळिकरणैची पाणथळ जागा आहे. 2022 मध्ये तिला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींना मिळणारा रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. कचऱ्याच्या डोंगराने तिचा मोठा लचका तोडला आहे, तरी हिवाळ्यात तिथे रोहित उतरतात, झोळीवाले उतरतात, आणि रविवारी दुर्बिणी घेतलेली माणसं रस्त्याच्या कडेला उभी असतात. मीही उभा राहिलो आहे. पण एकच पक्षी रोज, त्याच जागी, दोन हातांच्या अंतरावरून बघायचा असेल तर गॅलरीसारखी जागा नाही. रोहितांचा थवा डोळे सुखावतो. एका पक्ष्याचं वागणं कळायला तोच पक्षी पुन्हा पुन्हा भेटावा लागतो.

तर ती काडी. माझ्या गॅलरीत सहा कुंड्या होत्या. दोन रसेलियाच्या, एक हॅमेलिया, एक कर्दळ, एक जास्वंद आणि एक एक्झोरा. तमिळ लोक एक्झोराला ‘इडलीचं फूल’ म्हणतात. गुच्छ खरोखरच पांढऱ्या कापडावर मांडलेल्या इडलीसारखा गोल दिसतो. काडीवरच्या त्या पक्ष्याने, म्हणजे जांभळ्या पाठीच्या शिंजिराच्या नराने, नोव्हेंबरात या सहा कुंड्या आपल्या मानल्या. पहिले काही दिवस मला वाटलं, हा उगाच तापट आहे. वही घेऊन बसायला लागलो तेव्हा दिसलं की त्याच्या रागाला हिशेब आहे. जास्वंदीवर कोणी आलं तर तो पुष्कळदा जागचा हलत नसे. हॅमेलियाकडे कोणी नुसतं पाहिलं तरी झेप घेई. सकाळी आठच्या आत त्याचे हल्ले सर्वांत जास्त. दुपारी मधमाश्यांनी फुलं रिकामी केली की तोच पक्षी शेजाऱ्याला डोळ्यांदेखत फुलावर बसू देई.

हद्दीचा विषय अभ्यासकांत रुजवला इलियट हॉवर्ड या इंग्रज पक्षी-अभ्यासकाने. पक्ष्यांच्या जीवनातल्या हद्दीवरचं त्याचं पुस्तक 1920 सालचं. त्यानंतर बराच काळ प्रश्न असा विचारला जाई की अमुक जात हद्द राखते की नाही? 1964 मध्ये जेरॅम ब्राउन या अभ्यासकाने प्रश्नच बदलला. हद्द राखणं परवडतं का? राखणीला खर्च येतो. वेळ जातो, ताकद जाते, जखम होऊ शकते. जे राखायचं त्यातून याहून जास्त मिळत असेल तरच पक्षी राखेल. अन्न फार विरळ असेल तर राखण्यासारखं काही नाही. अन्न उदंड असेल तर राखायची गरज नाही. हद्द जन्मते ती या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्यात.

विचार चांगला, पण पक्ष्याचा जमाखर्च मांडायचा कसा? तो मांडला 1975 मध्ये फ्रँक गिल आणि लॅरी वुल्फ या दोघा संशोधकांनी, केनियात, सोनेरी पंखांच्या शिंजिरावर. हे शिंजीर ज्या फुलांवर भांडत होते त्यांचं झाड मराठी माणसाच्या ओळखीचं आहे. उंच काडीवर थोड्या थोड्या अंतराने गोल काटेरी गोंडे आणि त्यांतून बाहेर आलेली केशरी फुलं. आपल्या माळांवर, गावाबाहेरच्या पडीक जागेत ते उगवतं आणि देवळापुढच्या दगडी दीपमाळेवरून आपण त्याला दीपमाळ म्हणतो.

गिल आणि वुल्फ यांनी फुलातला मध मोजला. एकक होतं मायक्रोलिटर. ड्रॉपरमधून पडणाऱ्या एका थेंबाचे साधारण पन्नास भाग केले तर एक भाग म्हणजे एक मायक्रोलिटर. प्रत्येक फुलात असा एक भाग मध असेल तर पक्ष्याला दिवसाची गरज भागवायला 8 तास फुलं धुंडावी लागतात. दोन भाग असेल तर 4 तास. तीन भाग असेल तर 2.7 तास. आता खर्च. नुसतं बसून राहायला तासाला 400 कॅलरी लागतात, फुलं हुडकत फिरायला 1000, आणि घुसखोराचा पाठलाग करायला 3000. (या कॅलरी शास्त्रातल्या लहान कॅलरी, आपण आहारात बोलतो ती कॅलरी याच्या हजारपट मोठी.)

समजा बिनमालकीच्या फुलांत दोन भाग मध आहे. पक्ष्याने हद्द राखली, इतरांना हाकललं, म्हणून त्याच्या फुलांत तीन भाग साठायला लागला. त्याचे दिवसाचे 1.3 तास वाचले. तेवढा वेळ फिरण्याऐवजी तो बसून राहिला, तर तासाला 600 प्रमाणे 780 कॅलरी वाचल्या. राखणीत त्याचे दिवसाला 0.28 तास, म्हणजे सतरा मिनिटं जातात. बसण्यापेक्षा पाठलागाला तासाला 2600 कॅलरी जास्त, म्हणून खर्च 728 कॅलरी. शिल्लक 52.

ही 52 कॅलरी म्हणजे साखरेच्या हिशेबात सुमारे 13 मिलिग्रॅम, साखरेचे थोडेसे कण. दिवसभराच्या पहाऱ्याची कमाई एवढीच. आणि बिनमालकीच्या फुलांतच तीन भाग मध असता तर? मग राखून वाचणारा वेळ बराच कमी, खर्च मात्र तोच. तेव्हा केनियातले शिंजीर हद्द सोडून देत. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी माझ्या गॅलरीतल्या पक्ष्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो. हॅमेलियावरची त्याची झेप आणि जास्वंदीकडे केलेलं दुर्लक्ष यांत तऱ्हेवाईकपणा नव्हता.

कॅलिफोर्नियात तर याच्या पुढचं पाऊल पडलं. कार्पेंटर, पेटन आणि हिक्सन या संशोधकांनी स्थलांतराच्या वाटेवर थांबलेल्या रूफस हमिंगबर्डच्या आवडत्या काडीखाली तराजू बसवला. पहारेकरी पुन्हा पुन्हा त्याच काडीवर येतो, या सवयीचाच त्यांनी उपयोग केला. पक्षी बसला की वजन कळायचं. 1983 मध्ये त्यांनी दाखवलं की पक्षी आपली हद्द दिवसागणिक लहानमोठी करतो आणि ज्या आकाराला वजन सर्वांत वेगाने वाढतं तिथे येऊन स्थिरावतो. फार मोठी हद्द झाली तर राखणीत दम जातो, फार लहान झाली तर पोट भरत नाही. शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

अशा तराजूची सोय आपल्याकडे नसते. पण पेरुंगुडीत निसर्गानेच एक प्रयोग करून दाखवला. डिसेंबर 2023 च्या सुरुवातीला मिचाँग चक्रीवादळाचा पाऊस चेन्नईवर कोसळला. पळ्ळिकरणै आणि पेरुंगुडीचे रस्ते पाण्याखाली गेले, खालच्या मजल्यांत पाणी शिरलं, दिवे गेले. माणसांचे फार हाल झाले. त्या दिवसांत पक्ष्याकडे बघावं असं कुणाला वाटलं नसेल. मलाही वाटलं नाही. पाणी ओसरल्यावर गॅलरीत आलो तेव्हा कुंड्यांत एकही फूल नव्हतं. रसेलियाच्या काड्या झोडपून निघाल्या होत्या. आणि काडीवर पहारेकरी नव्हता. तो मेला असेल असं मी धरून चाललो. दोन दिवसांनी तोच दिसला, खालच्या शेवग्यावर, आणखी तीन शिंजिरांबरोबर. कोणी कोणावर धावून जात नव्हतं. त्याच्या एका पंखावर पांढरट पीस होतं, म्हणून ओळखता आला. राखायला काही उरलं नव्हतं, तर तोही राखत नव्हता. हॅमेलिया पुन्हा फुलला तेव्हा तो परत आला, आणि पहिल्याच सकाळी शेवग्यावरच्या सोबत्यांपैकी एकाला त्याने कठड्यावरून हाकललं.

जानेवारीत गोष्ट बदलली. जांभळा शिंजीर आला, ही दुसरी जात. विणीच्या काळात हा नर उन्हात निळा-जांभळा आणि सावलीत काळाकुट्ट दिसतो. वीण संपल्यावर तो ही झळाळी उतरवतो आणि मादीसारखा पिवळट होतो. गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी पट्टी तेवढी उरते. जांभळ्या पाठीच्या शिंजिराचा नर असा कपडेबदल करत नाही. वही ठेवणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं, नाहीतर ऑक्टोबरातल्या पट्टीवाल्या नराला तो वेगळीच जात समजून बसेल. तापला की जांभळा शिंजीर काखेतली पिवळी-केशरी पिसं फुलवतो. एरवी ती झाकलेली असतात. ती फुलली की समजावं, आता पाठलाग होणार. जानेवारीच्या मध्यापर्यंत त्याने हॅमेलिया आणि एक रसेलिया घेतला होता. जुन्या मालकाने हद्द आखडली आणि उरलेल्या चार कुंड्या सांभाळल्या. दोघांच्या सीमेवर कर्दळ होती, आणि रोजचं भांडण तिथेच व्हायचं.

विणीच्या दिवसांत राखणीचा हेतूही बदलतो, आणि बघणाऱ्याची गफलत होते. मधासाठीची हद्द एक आणि घरट्यासाठीची दुसरी. शिंजिराचं घरटं म्हणजे लोंबती थैली. कोळ्याची जाळी, गवत, सालींचे तुकडे, सुरवंटांची विष्ठा, जे मिळेल ते चिकटवून मादी ती विणते. वेलाच्या टोकाला, कपड्यांच्या तारेला, पडवीतल्या दिव्याच्या वायरीलाही. अंडी बहुधा दोन. अंडी मुख्यतः मादी उबवते, पण पिल्लांना भरवायला नरही येतो. अशा वेळी नर घरट्याजवळ आलेल्या नराला हाकलतो, तिथे फूल असो वा नसो. म्हणून वहीत नुसतं ‘पाठलाग केला’ लिहून भागत नाही. कुठून उठला आणि कोणाला हाकललं हेही लिहावं लागतं.

आणि इथेच पेरुंगुडीची काच आड येते. जुना महाबलीपुरम रस्ता काचेच्या इमारतींचा आहे. आमच्या खिडक्याही गडद काचेच्या. फेब्रुवारीत जांभळ्या शिंजिराने खिडकीतल्या स्वतःच्या प्रतिबिंबाशी युद्ध मांडलं. सकाळी उजेड पडल्यापासून तो काचेवर चोच मारायचा, खाली घसरायचा, पुन्हा उडायचा. खाली उभ्या मोटारींच्या आरशांवर हेच करणारे शिंजीर अनेकांनी पाहिले असतील. लोक हसतात. मला ते बघवत नाही. कारण वरचा सगळा हिशेब एका गोष्टीवर उभा आहे: घुसखोर हरतो आणि पळतो, म्हणून राखणी सतरा मिनिटांत आटपते. काचेतला शत्रू पळत नाही. तो तेवढ्याच जोराने उलट येतो. पक्ष्याचा खर्च चालूच राहतो आणि जमेला काही पडत नाही. उपाय सोपा आहे. काचेवर बाहेरून वर्तमानपत्र चिकटवा, मोटारीच्या आरशाला कापडी पिशवी घाला. महिन्याभराने काढून टाका. आमच्या खिडकीवर वर्तमानपत्र लागल्यावर तो त्याच दुपारी काडीवर परत बसला.

थोडं फुलांबद्दल. रसेलिया मेक्सिकोकडचा, हॅमेलिया अमेरिकेचा, टिकोमा अमेरिकेचा. म्हणजे आपण बागेत हौसेने लावतो त्यातली कितीतरी लाल-केशरी नळीदार फुलं हमिंगबर्डच्या देशातून आली आहेत. ती हवेत तरंगत मध पिणाऱ्या पक्ष्यासाठी घडली, म्हणून त्यांच्यासमोर बसायला जागा नसते. शिंजीर क्षणभर तरंगू शकतो, पण त्याला बसून पिणं सोयीचं. मग तो काडीला उलटा लटकतो, किंवा फुलाच्या बुडाशी चोचीने भोक पाडून मध काढतो. असा मध काढला की परागकण त्याच्या कपाळाला लागत नाहीत. फुलाच्या दृष्टीने ही चोरी आहे. पांगाऱ्यावर, पळसावर तो बसून पितो तेव्हा पराग अंगावर घेऊन जातो. पक्षितज्ज्ञ सलीम अली यांनी 1932 मध्येच भारतातल्या फुलपक्ष्यांवर आणि पक्षीफुलांवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात सविस्तर लेख लिहिला होता. देशी झाडांना जागा नसेल तर कुंडीत हॅमेलिया लावायला हरकत नाही, पण अंगण असेल तर पांगारा लावावा असं माझं स्पष्ट मत आहे.

अमेरिकेत घरोघरी साखरपाण्याच्या बाटल्या टांगतात, एक भाग साखर आणि चार भाग पाणी. एकच बाटली टांगली तर एक नर तिच्यावर बसून इतरांना फिरकू देत नाही. म्हणून तिथले जाणकार सांगतात की दोन-तीन बाटल्या अशा टांगा की एकीवरून दुसरी दिसणार नाही. कुंड्यांनाही हेच लागू आहे. सगळ्या मधाच्या कुंड्या एका ओळीत ठेवल्या तर एकाच पक्ष्याचं राज्य होतं. दोन गॅलरीच्या या टोकाला, दोन स्वयंपाकघराच्या खिडकीशी ठेवल्या तर दुसऱ्यालाही जागा होते. साखरपाण्याची बाटली मात्र मी टांगणार नाही. आपल्या उकाड्यात ते पाणी एका दिवसात आंबतं, आणि शिंजिराच्या पिल्लांना साखर नाही, किडे आणि कोळी लागतात. त्यासाठी कुंड्यांवर कीटकनाशक मारू नका आणि गॅलरीच्या कोपऱ्यातलं एखादं जाळं झाडू नका. घरटं त्याच जाळ्याने शिवलं जातं.

हे सगळं पेरुंगुडीत पाहिलं, पण त्यासाठी पेरुंगुडीला जायला नको. जांभळा शिंजीर नागपूरच्या अंगणात आहे, सोलापूरच्या शेवग्यावर आहे. सह्याद्रीत महाबळेश्वरापासून कर्नाळ्यापर्यंत लाल छातीचा शिंजीर आहे, जो पश्चिम घाटाबाहेर जवळजवळ कुठे नाही. त्यांच्यातल्या कुठल्याही एकाला वीस मिनिटं बघा. सकाळी सात ते सात वीस, रोज तीच वेळ. फुलं किती उमलली ते आधी मोजा, मग पाठलाग मोजा. एका आठवड्याने निम्म्या कुंड्या आत घ्या आणि परत मोजा. पहिल्या दिवशी मात्र एवढंच लिहा: शेजाऱ्याला हाकलून तो कुठल्या काडीवर परत येऊन बसला.